सराट्यांची चोरी

माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी जे केलं त्याचं कोणाला नवल वाटणार नाही. दुधाची बाटली घेतली की मी तिचं झाकण आधी निरखून पाहतो. भाजीवालीनं वरून दोन मिरच्या जास्त टाकल्या की मला खालच्या वांग्यांची काळजी लागते. ऑफिसात कोणी हसून नमस्कार केला तर त्याची फाइल माझ्या टेबलावर अडलेली असणार हे मी ओळखतो, आणि अडलेली नसली तर जास्तच अस्वस्थ होतो. नागपुरातल्या एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात मी कारकून होतो. हा स्वभाव मला त्या विभागानं दिला की या स्वभावामुळेच मी तिथं टिकलो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मे महिन्यात भर दुपारी सायकलवरून जात असताना माझ्या कमरेत अशी कळ आली की मी उतरून रस्त्याच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकलो. समोर मारुतीचं देऊळ होतं. माझं पाहून दोन माणसंही तशीच वाकून नमस्कार करून गेली. तो मुतखडा निघाला. वैद्यांनी नाडी पाहिली, लघवीचा रंग विचारला आणि गोखरूचा काढा सांगितला. गोखरू म्हणजे आपला सराटाच. उन्हात पडीक जमिनीवर पसरतो, हरभऱ्यासारखी बारीक पानं, पिवळं इवलं फूल, आणि अनवाणी माणसाला नाचायला लावणारी काटेरी फळं. वैद्य म्हणाले, पूर्ण पिकलेली फळं घ्या, आणि जमलं तर पुष्य नक्षत्रावर वेचा. तोवर भरपूर पाणी प्या.

इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पोत्यात हात घालून मूठभर फळं माझ्या ओंजळीत ठेवली. मी ती नाकाशी नेली तर तो म्हणाला, "बाबूजी, हे अत्तर नोहे." जो माणूस विनोद करून माल विकतो त्याच्या मालात खोट असते, असं माझं मत आहे. शिवाय ही फळं कोणत्या नक्षत्रावर वेचली, हे त्याला माहीत नव्हतं. मी ती परत पोत्यात टाकली.

सराटे फुकट मिळणारी जागा मला माहीत होती. आमच्या क्वार्टरांच्या मागे, रेल्वे लायनीकडे, मोकळं मैदान होतं आणि तिथं सराट्यांची सतरंजीच पसरलेली असे. पण त्या मैदानावर सकाळी सकाळी माणसं हातात टमरेल घेऊन कशाला जातात हेही मला माहीत होतं. मुतखड्याचं औषध तिथून वेचणं मला काही पटेना. तेव्हा मी ठरवलं की सराटा घरीच लावायचा. माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला, खात्रीचा.

बायकोला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "काहून? लोक तर उपटून राहिले." मी म्हटलं, लोकांना किंमत नाही. ती म्हणाली, "ते मले बी दिसून राहिलं." पण दुष्काळानं सगळ्यांनाच पाण्याची धास्ती बसली होती, नळ सकाळी तासभर यायचा, आणि सराट्याला पाणी लागत नाही एवढ्या एका गुणावर तिनं परवानगी दिली.

आता ऐका माझी शेती. मी मैदानावरून, त्यातल्या त्यात स्वच्छ कोपऱ्यातून, बियाण्यापुरते सराटे आणले. क्वार्टरपुढची जागा दोन वीत खणली, मुरूम काढून कुंपणाशी ढीग केला, त्या जागी तलावाकाठची काळी माती घातली, शेणखत घातलं आणि सराटे ओळीत टोचले. मृगाचे दोन शिडकावे झाले तरी उगवेना. मला वाटलं तहान लागली असेल. बायकोची नजर चुकवून मी रोज एक बादली ओतू लागलो. मग उगवले. ऊन फार झालं म्हणून मी त्यांच्यावर जुनी छत्री बांधली. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडली, देठ मऊ झाले आणि माझ्या हातून जगातला पहिला सराटा लाडानं मेला. रेल्वेच्या रुळांतल्या गिट्टीतून जो वर येतो, जो गायीच्या खुरांखाली, ट्रकच्या चाकांखाली मरत नाही, तो माझ्याकडे महिनाभर टिकला नाही.

रागाच्या भरात उरलेले सराटे मी त्या मुरमाच्या ढिगाऱ्यावर भिरकावून दिले. श्रावणात पाहतो तर ढिगारा हिरवा. ना खत, ना पाणी. लालसर केसाळ फांद्या जमिनीला पोट लावून ताटाएवढ्या गोल पसरलेल्या, आणि सकाळी त्यांवर पिवळी फुलं. मी लगेच काळी माती काढून तो मुरूम पुन्हा वाफ्यात पसरवला आणि रोपं मुळासकट आत बसवली. पुन्हा छत्री आणली तेव्हा बायको दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "त्याले आता तुमच्यापासून वाचवा." छत्री मी परत नेली. वाफ्याभोवती मात्र तारेचं कुंपण घातलं. काटे असलेल्या झाडाला काटेरी तारेचं कुंपण घालणारा माणूस आमच्या क्वार्टरांच्या लायनीत दुसरा नव्हता.

आश्विनात फळं पिकायला लागली. हिरवं फळ पिवळट होतं, मग करडं, मग गळतं आणि खाली पडून त्याच्या पाच फाका होतात. प्रत्येक फाकेला बैलासारखी दोन शिंगं. कशीही टाका, एक शिंग वर राहतंच. गळलेली फळं लगेच उचलून ठेवणं हे कोणीही केलं असतं. पण वैद्यांनी पुष्य नक्षत्र सांगितलं होतं, आणि पंचांगात ते तीन आठवड्यांवर होतं. तोवर फळं जिथं पडली तिथंच राहू द्यायची असं मी ठरवलं. फक्त मोजायची. रोज सकाळी मी कुंपणाची तार उचलून आत जात असे, वाफ्यात उकिडवा फिरत असे आणि वहीत आकडा लिहीत असे.

आणि आकडा कमी होऊ लागला.

मंगळवारी खाली गळलेली एकोणीस होती, वरची पाच-सहा त्या दिवशी गळतील अशी होती, आणि बुधवारी खाली अकराच. गुरुवारी पुन्हा चौदा, शुक्रवारी आठ. आधी मला मुंगूस वाटलं, मग उंदीर. पण सराटा खाणारा उंदीर मी कधी ऐकलेला नव्हता. माणूसच असणार. कोणाला तरी माझ्या औषधाचा सुगावा लागला होता.

त्याच आठवड्यात आमच्या लायनीत सायकली पंक्चर होऊ लागल्या. तेव्हा क्वार्टरांत मोटार कोणाकडेच नव्हती, एका ओव्हरसियरांकडे स्कूटर होती, बाकी सगळे सायकलवाले. आमच्या घरांपासून मोठ्या रस्त्यापर्यंत मुरमाची गल्ली होती, तिच्या तोंडाशी कडूनिंबाचं झाड, आणि त्या झाडाखाली पंक्चरवाला बसायचा. लाकडी खोकं, हवा भरायचा पंप, घमेलंभर पाणी, कानस, सोल्युशनची ट्यूब, एवढंच त्याचं दुकान. तो कळमेश्वरकडच्या एका खेड्यातला. गिरणीत असताना त्याचा गुडघा कामातून गेला होता, वाकडा पाय पुढे टाकून तो बसायचा. उभ्याचं काम त्याच्यानं होत नव्हतं. निंबाखालची जागा त्याला क्वार्टरांतल्या लोकांच्या तोंडी परवानगीनं मिळालेली होती. ती गेली असती तर त्याला गावाकडे परत जाण्यावाचून इलाज नव्हता, आणि गावात पोट भरायला त्याच्याकडे काही नव्हतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

पहिल्या आठवड्यात माझी सायकल दोनदा पंक्चर झाली. दुसऱ्यांदा त्यानं टायरमधून काटा उपसून माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "सराटा हाये, बाबूजी."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेत काहीतरी होतं. काय होतं ते आज मला कळतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात सगळं धडाधड जुळत गेलं. पंक्चर झाली की फायदा कोणाचा? त्याचा. काटे कसले? सराट्याचे. या गल्लीत सराटे कोणाकडे? फक्त माझ्याकडे, तेही तारेच्या आत. माझे सराटे कमी कशानं होतात? मी रेकॉर्डमध्ये बारा वर्षं काढली होती. इतकी सरळ केस माझ्या हाती कधी आली नव्हती.

मी खोक्यावर बसून राहिलो आणि चपला काढून पाय पुढे पसरले. माझ्या त्या चपलांबद्दल इथं सांगायला हवं. जुना तळ झिजला तेव्हा याच पंक्चरवाल्यानं मला बाद झालेल्या टायरचा तुकडा दिला होता आणि मोच्यानं तो चपलेला ठोकून दिला होता. तळाला टायरची खोल नक्षी, जाडी बोटभर. खिळ्यावर पाय पडला तरी कळू नये. चार वर्षं जातील असं मी सगळ्यांना सांगत असे. तर ट्यूबला ठिगळ लावून झाल्यावर पंक्चरवाल्यानं माझी एक चप्पल उचलली, उलटी केली, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि चिमट्यानं काहीतरी करू लागला. मी चप्पल त्याच्या हातातून काढून घेतली. टायरचा तुकडा परत हवा असेल, दुसरं काय!

निघताना तो हळू आवाजात म्हणाला, "वाफ्यात जातानी चपला बदलून जात जा न, बाबूजी."

मी घरापर्यंत सायकल हातात धरून विचार करत गेलो. माझ्या घराला वाफा आहे, मी रोज सकाळी त्यात जातो, आणि चपला घालून जातो, हे त्याला कसं माहीत? म्हणजे तो पहाटे येऊन पाहत होता. वर मला जाड तळाच्या चपला काढायला सांगत होता, म्हणजे माझ्याच पायांत काटे मोडावेत आणि माझं मोजणं बंद व्हावं. मी हे बायकोला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो बिचारा लंगडत इथंवर येते, तार उचलते, काटे वेचते अन् जाते. तुमाले जाग येत नाही. शेजारच्या कोंबड्याले बी येत नाही?" मी म्हटलं, याचाच अर्थ तो सराईत आहे.

तेव्हापासून मी पाळत सुरू केली. सकाळी वाफ्यात मोजणी करायची, वही खिशात टाकायची आणि तसंच निंबासमोरच्या दूध केंद्राकडे निघायचं. पूर्वी मी सरळ जात असे. आता गल्ली दोन्ही कडांनी पाहत, नागमोडी जाऊ लागलो. जिथं काटा दिसे तिथं थांबून तो किती वाजता दिसला हे लिहीत असे. मग निंबाच्या बुंध्यामागे पेपर घेऊन उभा राहत असे. पंक्चरवाल्याची पाठ तिथून चार हातांवर दिसायची. अर्धा अर्धा तास मी या पायावरून त्या पायावर होत उभा असे. तो घमेल्यात पाणी भरायचा, पंपाला तेल द्यायचा, कधी कधी उगाच खाकरायचा. काटे टाकताना तो मला एकदाही सापडला नाही. इतका तो हुशार होता. आणि गंमत म्हणजे मी जितकी पाळत वाढवली तितकी पंक्चरं वाढली. निंबापाशी तर काट्यांचा सडाच पडू लागला. मला त्यात त्याचा उर्मटपणा दिसला. माझ्या डोळ्यांदेखत!

मग एके दिवशी मला ती डबी दिसली. तो खोक्यातून कानस काढत होता आणि आत तंबाखूची पत्र्याची डबी उघडी होती. डबी सराट्यांनी काठोकाठ भरलेली.

मी थेट ओव्हरसियरांच्या घरी गेलो. ते आमच्या शेजारचे, क्वार्टरांची देखभाल ज्या खात्याकडे होती त्याच खात्यात. त्यांच्याही स्कूटरचं चाक त्या आठवड्यात बसलं होतं, त्यामुळे त्यांना पटायला वेळ लागला नाही. अर्ज मी लिहिला. माझ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला मसुदा. "सदर इसम हा स्वतःच्या धंद्याच्या वाढीसाठी रहदारीच्या मार्गावर काटे पसरवीत असल्याची सबळ शंका असून त्यास सदर जागेवरून तात्काळ हलविण्यात यावे." खाली चौदा सह्या घेतल्या. सही करताना एक जण म्हणाला, पंधरा वर्षं झाली याला इथं. मी म्हटलं, पंधरा वर्षं संधीच शोधत असेल.

रविवारी सकाळी ओव्हरसियरांच्या व्हरांड्यात सगळे जमले. पंक्चरवाल्याला बोलावून त्याच्या तोंडावर सांगायचं असं ठरलं होतं. सतरंजी घातली होती. पायरीखाली आमच्या चपलांची रांग लागली होती. बायको ओव्हरसियरीणबाईंना चहा करायला मदत म्हणून आत होती. पंक्चरवाला आला आणि वर न येता पायरीपाशीच वाकडा पाय लांब करून बसला.

ओव्हरसियर म्हणाले, "काहून गा, डबीत काय आहे तुझ्या?"

त्यानं डबी उघडून पायरीवर ठेवली. सराटे होते ते. सगळ्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते फार चांगलं वाटलं, हे मी लपवत नाही. मी वही काढली आणि तारखेनुसार आकडे वाचून दाखवायला लागलो. एकोणीस, अकरा, चौदा, आठ.

पंक्चरवाला ऐकत होता. माझं वाचून झाल्यावर त्यानं शेजारच्या चपलांच्या रांगेकडे पाहिलं, त्यातला एक जोड उचलला आणि पायरीच्या कडेवर दोनदा आपटला. टायरच्या नक्षीतून खळखळ काटे पडले. करडे, पिकलेले, दोन शिंगांचे. मग खिशातून चिमटा काढून त्यानं आणखी पाच-सहा उपसले, एकेक करून डबीत टाकले आणि वर पाहिलं.

"ह्या कोनाच्या चपला होत जी?"

 खरं तर सगळ्यांना माहीत होतं. त्या टायरच्या तळाची जाहिरात मी साऱ्या लायनीत केली होती. मला मात्र त्या वेळी असं वाटलं की कदाचित कोणाला माहीत नसेल. आपण इथून अनवाणी घरी जावं, चप्पल नवी घ्यावी, आणि ही गोष्ट इथंच संपावी, असा पूर्ण बेत माझ्या डोक्यात तयार झाला. मी म्हणालो, "अशा चपला बऱ्याच जणांच्या असतात."

"असन, बाप्पा," पंक्चरवाला म्हणाला.

त्याला बोलता आलं असतं. टायर त्यानंच दिलेला होता. पण कोणाच्या उघड्या पायाला लागू नयेत म्हणून त्यानं पायरीवर सांडलेले बारीक तुकडे हातानं गोळा केले. मग माझ्या चपला पुन्हा रांगेत ठेवल्या, नीट जोडून, टाचा आमच्याकडे करून, उठणाऱ्याला सरळ पाय घालता यावेत अशा. मला त्याच्या शिव्या परवडल्या असत्या. ते चपला जोडून ठेवणं सोसेना.

"माझ्या आहेत," मी म्हटलं.

दारात बायको चहाचा ट्रे घेऊन थांबली होती. मी बोलल्यावर ती बाहेर आली. नंतर तिनं सांगितलं की आणखी दोन क्षण मी गप्प राहिलो असतो तर तिनंच सांगितलं असतं, आणि मला चहा दिला नसता.

मी त्याला विचारलं, मला आधीच स्पष्ट का नाही सांगितलं? तो म्हणाला, "एकडाव सांगतलं न जी. तुमी असं काई पाह्यलं का पुन्हा हिंमतच नाई झाली."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण ओव्हरसियरांनी चहा ठेवला, घसा साफ केला आणि सांगितलं की अर्ज त्यांनी शुक्रवारीच साहेबांच्या टेबलावर ठेवला होता. शनिवारी त्यावर आदेशही झाला होता. आठ दिवसांत जागा मोकळी करावी. एरवी आमच्या गळक्या छताचा कागद त्या खात्यात तीन पावसाळे पडून होता, आणि हा मात्र एका दिवसात निघाला. मला लगेच ओव्हरसियरांचा संशय आला, पण त्या दिवशी संशय घेण्याचा माझा हक्क गेलेला होता.

सोमवारी मी रजा टाकली आणि दुसरा अर्ज घेऊन त्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले. अक्षर एकच, सही एकच. ते म्हणाले, तक्रार तुमचीच, मागेही तुम्हीच घेता, तर कारण लिहून द्यावं लागेल. मी तिथंच उभ्यानं लिहिलं. "सदर काटे हे उपरोक्त इसमाने टाकलेले नसून ते अर्जदाराने स्वतः लागवड केलेल्या सराट्यांचे असल्याचे व अर्जदाराच्या चपलांच्या तळातून मार्गावर पडल्याचे निष्पन्न झाले आहे." साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "लागवड?" मी हो म्हटलं. "सराट्यांची?" मी पुन्हा हो म्हटलं. त्यांनी घंटी वाजवून हेडक्लार्कला बोलावलं आणि तेही कागद वाचेपर्यंत मला उभं ठेवलं. चपला मी पेपरात गुंडाळून पुराव्यासाठी नेल्या होत्या. त्या पाहायची कोणाला गरज वाटली नाही.

"पाहू," साहेब म्हणाले. बारा वर्षं मी स्वतः लोकांना हाच शब्द सांगत आलो होतो, त्यामुळे त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता.

मंगळ, बुध, गुरू गेले, उत्तर नाही. शनिवारी आठ दिवस भरत होते. त्या दिवशी पंक्चरवाल्यानं घमेल्यातलं पाणी निंबाला ओतलं आणि पंप सुतळीनं बांधायला घेतला. मी शेजारी खोक्यावर बसलो. मोठ्या रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मी पाहत होतो आणि प्रत्येक जण मला त्या खात्याचाच वाटत होता. एक खाकी पँटवाला सायकलवरून उतरला तेव्हा मी उठून त्याच्या आडवा गेलो. त्याला फक्त हवा भरायची होती. पंक्चरवाल्यानं सुतळी सोडली, हवा भरून दिली आणि पुन्हा सुतळी बांधली.

मी म्हटलं, "राहू दे ना बांधायचं. येईल कागद."

"तुमाले भरोसा हाये?" त्यानं विचारलं.

मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, "नाही."

"मंग बांधू द्या."

चारच्या सुमाराला ओव्हरसियरांची स्कूटर आली. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. आदेश रद्द केला होता आणि खाली साहेबांनी हातानं लिहिलं होतं, अर्जदारास सराट्यांची लागवड तात्काळ बंद करण्याची समज देण्यात यावी. मी कागद उलटसुलट करून पाहिला, शिक्का खरा आहे ना ते पाहिलं, मग त्याला वाचून दाखवला. त्यानं शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मी वाचली. मग त्यानं सुतळी सोडली आणि घमेलं घेऊन नळावर पाणी आणायला गेला.

वाफा मी त्याच संध्याकाळी अनवाणी उपटला. बायकोची सक्त ताकीद होती की चपला घालायच्या नाहीत. पायांत काय काय मोडलं ते सांगत नाही. मात्र पुष्य नक्षत्र आलं तेव्हा काढ्यापुरताही सराटा घरात नव्हता, सगळा रस्त्याला वाटून झाला होता. हे कळल्यावर पंक्चरवाल्यानं ती पत्र्याची डबी माझ्यापुढे केली. "तुमचेच हायेत. उकळून घ्या."

मी डबी घेतली. घरी आणून उघडली आणि, स्वभावाला औषध नाही, आधी ती पूर्ण भरलेली आहे का ते पाहिलं. मग काढा केला. साऱ्या लायनीच्या टायरांतून निघालेले ते काटे होते. काढ्याला रबराचा आणि सोल्युशनचा वास होता. सात दिवस प्यालो. नवव्या दिवशी खडा पडला. तो काढ्यानं पडला, इतक्या पाण्यानं पडला की सरकारी समज मिळाल्याच्या धसक्यानं, याबद्दल मला अजून शंका आहे.

पुढच्या वर्षी पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले असतील. ऑफिसला निघालो तर गल्लीत हिरवे ठिपके दिसले. जवळ जाऊन पाहिलं. सराटे. माझ्या फाटकापासून निघालेले, गल्लीच्या या कडेनं, मग त्या कडेनं, पुन्हा या कडेनं, थेट दूध केंद्रापर्यंत. जिथं जिथं मी थांबून वहीत लिहिलं होतं तिथं तिथं दाट झुबका. साऱ्या लायनीला कळावं असा तो रस्ता उगवून आला होता, आणि लोक दारात उभे राहून तो पाहत होते.

सायकल तशीच भिंतीला लावून मी खुरपं आणलं. फूल यायच्या आत सगळे काढायला हवे होते. उकिडवा बसून एकेक उपटत सरकत गेलो. निंबापाशी पोचलो तेव्हा कंबर भरून आली होती. पंक्चरवाला खोक्याला टेकून बसला होता. तो उठला नाही, पायामुळे त्याला वाकताही येत नव्हतं, पण बसल्या जागेवरून बोट दाखवत होता. तिथं एक राह्यला, बाबूजी. तो पाहा, घमेल्यापाशी. मी तो दाखवील तिथला उपटत होतो. शेवटी पाठ सरळ करून मी विचारलं, झालं ना सगळं?

त्यानं कानस खाली ठेवली आणि मान न वळवता म्हणाला, "झाडामांगं बी पाहा न जी. तिथं तर लय हायेत."